जमातीचं नाव न घेण्याचा ठराव

४ मे, रविवार

सेविका म्हणून आलेल्या पहिल्याच रविवारी मला लाज वाटली, आणि ती स्वतःची नाही, मंडळीची.

उपासना संपली, आशीर्वाद झाला. मी फाटकापाशी पोचते न पोचते तोच बाना मुसोंदा ओरडली, "ए उंदीरखाऊ! प्रभुभोजनाची भाकर खाल्लीस ना? मग आता वेदीखाली शेपट्या कसल्या शोधतोयस?"

बाना मुसोंदा म्हणजे मुसोंदाची आई. धिप्पाड बेम्बा बाई, स्त्रीमंडळाची प्रमुख. ज्यांच्यावर ती ओरडली ते म्हातारे जेरे, न्गोनी, तीस वर्षं खाणीत काढून आता चर्चची झाडलोट बघतात. मला वाटलं म्हातारा खाली मान घालेल. ते म्हणाले, "तुझा नवरा कुठंय गं? झाडावर का? माकडं खाऊन खाऊन शेवटी शेपूट फुटलं वाटतं, उतरता येईना!" तिचा नवरा, हाडकुळा सुतार, शेजारीच उभा होता. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

हे थट्टेचं सोयरपण देशभर सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही आहे. फार पूर्वी बेम्बा आणि न्गोनी एकमेकांशी लढले, थकले, भाले टाकले आणि त्याऐवजी शिव्या उचलल्या. आता कुणी कुणाला काहीही बोलावं, रागवायचं नाही. रागावला त्याचं हसं. विद्यापीठात मुलंही करायची. पण चर्चच्या फाटकात? ओठांवरचा द्राक्षारस वाळलाही नसताना?

"मयतीतसुद्धा बोलता असं?" मी जेरेंना विचारलं.

"मयतीत तर जास्तच," ते म्हणाले. मग मला न्याहाळून, "तुम्ही कुणाच्या, बाई?"

"लुंडा."

ते जरा विचारात पडले. "लुंडा... लुंडांचं आणि आमचं काहीच नाही हो," असं अगदी हळहळून म्हणाले आणि मला खुर्ची आणून दिली.

९ मे, शुक्रवार

खोली बरी आहे. शेगडी, एक पातेलं, एक ताट. मक्याच्या पिठाची न्शिमा एकटीपुरती शिजवणं कठीण. पीठ नेहमी जास्तच पडतं. आज दिवसभरात कुणीही हाक मारली नाही. रस्त्यात भेटतात ते सगळे हात जोडून, किंचित वाकून "सेविकाबाई, नमस्कार" म्हणतात आणि पुढं जातात. घरात पहिली पदवीधर मी, बाबांनी हे पाहिलं असतं तर त्यांना फार अभिमान वाटला असता.

तो रविवार डोक्यातून जात नाही. माझ्या गावी नदीच्या एका काठाला आम्ही लुंडा, दुसऱ्या काठाला लुवाले. आमच्यात थट्टा नाही. मी आठ वर्षांची असताना बाजारात कुणीतरी कुणाला जमातीवरून एक शब्द बोललं आणि संध्याकाळपर्यंत आत्याची मासळीची पाटी चिखलात होती, आत्याच्या कपाळाला टाके होते. बाबा होडी चालवतात. तीन आठवडे ते पलीकडच्या काठाला लागले नाहीत. तो शब्द मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

म्हणून मला माहीत आहे, शब्दानंच सुरुवात होते. येशूनं कोळी आणि जकातदार एका ताटावर बसवले. ते एकमेकांना मासेखाऊ आणि पैसेखाऊ म्हणत होते का?

१८ मे, रविवार

कापिजिम्पांगाबाई, शाळेत नवीन आलेल्या कावोंदे जमातीच्या शिक्षिका, दोन रविवार आल्या आणि मग यायच्या थांबल्या. आज घरी जाऊन भेटले. त्यांनी चहा दिला. मग म्हणाल्या, "फाटकात त्यांचं काय चाललेलं असतं मला कळत नाही. आणि मला कुणी काही म्हणतही नाही."

बिचारी दुखावली आहे. आता गप्प बसणं पाप आहे.

२५ मे, रविवार

पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. पाच मंडळ्या सांभाळतात. आज वडीलमंडळापुढे मी माझा ठराव वाचला. पेंटेकॉस्टच्या रविवारापासून चर्चच्या आवारात आणि मंडळीच्या कोणत्याही कार्यात, लग्नात किंवा मयतीत, कुणी कुणाच्या जमातीचं नाव घेणार नाही, जमातीवरून बोलणार नाही. आपण सगळे एकाच गुरूचे शिष्य. शिष्यांना दुसरी जमात नसते.

पाळकसाहेब खूष झाले. "शिकलेल्या मुलीचा हाच तर उपयोग," असं सगळ्यांदेखत म्हणाले. वर्षअखेरीस सेविकांच्या कॉलेजसाठी शिफारस त्यांनीच करायची आहे. मी ती मनात आणणार नव्हते, पण आली.

कुणी विरोध केला नाही. मुसोंदाच्या बाबांनी टोपी हातात फिरवत एवढंच विचारलं, "म्हणजे मेल्यावरसुद्धा नाही?"

जेरे म्हणाले, "ठराव चांगलाच आहे. पण बाई, मग आम्ही एकमेकांशी बोलायचं काय?"

मी म्हणाले, "प्रेमानं बोला, आजोबा."

त्यांनी मान डोलावली. एक एक करून सगळ्यांनी सही केली.

८ जून, पेंटेकॉस्टचा रविवार

झालं! फाटकापाशी आवाज नाही. जेरेंनी बाना मुसोंदाशी हस्तांदोलन केलं. म्हणाले, "प्रभूची शांती असो, बाई. तुम्ही कशा आहात?" ती म्हणाली, "बरी आहे. तुम्ही?" दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणाले! मग दोघं जरा वेळ तसेच उभे राहिले, आणि ती म्हणाली, "बरं, येते."

सगळे लवकर घरी गेले. जूनची थंडी आहे. आज न्गोनी मंडळी डावीकडच्या बाकांवर होती आणि बेम्बा उजवीकडच्या. ऊन ज्याला जिथं सोसतं तसं बसले असतील.

मला फार आनंद झाला. तो सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

२२ जून, रविवार

छपराच्या डागडुजीला तिघंच आले. पूर्वी, म्हणे, पंधरा-वीस जण यायचे आणि निम्मा दिवस नुसता दंगा चालायचा. आता काम शिस्तीत झालं. पूर्ण झालं नाही, पण शिस्तीत झालं.

वडीलमंडळात आज तक्रार आली: झाडलोटीचं आणि किल्ल्यांचं काम नेहमी 'पूर्वेकडच्या लोकांकडे'च का असतं? दुसऱ्या बाजूनं विचारलं, मग स्त्रीमंडळ नेहमी 'उत्तरेकडच्यां'कडेच का? असे प्रश्न याआधी कुणी विचारले नव्हते, असं जुनी टिपणवही सांगते. निदान भाषा सभ्य होती. कुणी जमातीचं नाव घेतलं नाही.

कापिजिम्पांगाबाई आल्या होत्या. बाहेर पडताना मला हळूच विचारलं, "आज कुणी वारलंय का?"

९ जुलै, बुधवार

मुसोंदाचे बाबा गेले. पहाटे कामावर निघताना, पायरीवर बसून बूट घालताना. एक बूट घातलेला होता.

मी दिवसभर त्यांच्याकडे होते. पुरुष अंगणात शेकोटीभोवती, बायका आत जमिनीवर. बाना मुसोंदा भिंतीकडे तोंड करून बसली आहे. रडत नाही. पाणी दिलं तर भांडं हातात धरून ठेवते, पीत नाही.

दुपारी जेरे आणि सगळी न्गोनी मंडळी आली. स्वच्छ कोट, टोप्या काढलेल्या. रांगेत बसले. एक गीत म्हटलं, पुन्हा बसले. इतकी शिस्त मी कोणत्याही मयतीत पाहिली नव्हती.

१० जुलै, गुरुवार

हे जसं घडलं तसंच लिहायला हवं.

सकाळी बाना मुसोंदानं विचारलं, "बाहेर कोण आहे?" काल सकाळपासूनचा तिचा हा पहिलाच शब्द.

"सगळे आहेत. जेरे आजोबाही आहेत. कालपासूनच."

"आला आहे? मग गप्प का आहे?"

"आदर म्हणून," मी म्हणाले.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आदर," ती म्हणाली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. मग पुन्हा भिंतीकडे वळली. "म्हणजे तो खरंच मेला."

थोड्या वेळानं जेरेंनी मला अंगणाच्या कोपऱ्यात बोलावलं. टोपी हातात होती. "बाई, घटकाभर परवानगी द्या. फक्त घटकाभर. मग पुन्हा गप्प बसू."

मला कळलं ते कशाची परवानगी मागत होते. घरातून मुसोंदाच्या बाबांची टोपी घेणार, त्यांच्या चालीची नक्कल करणार, मढ्याला आळशी म्हणणार, ऊठ म्हणणार. उद्या दफनाला पाळकसाहेब येणार आहेत. आणि ठराव पहिल्याच कसोटीला मोडला तर त्याला अर्थ काय? मी म्हणाले, "आजोबा, निदान दुःखाच्या घरी तरी नको. प्रभूच्या नावानं आपण सही केली आहे ना?"

त्यांनी वाद घातला नाही. जाऊन आपल्या जागी बसले. मी आवाज चढवला नाही, हळू बोलले, याचं मला तेव्हा समाधान वाटलं.

ती दिवसभर जेवली नाही.

११ जुलै, शुक्रवार

दफन झालं. एरवी खड्डा थट्टेच्या सोयऱ्यांनी खणायचा, म्हणे, आणि हुकूमही त्यांनीच सोडायचे. आज दोन्हीकडचे मिळून खणत होते. "आधी तुम्ही", "नाही, तुम्ही" असं चाललं होतं. फावडी एकमेकांना लागत होती. बाना मुसोंदा शेवटपर्यंत रडली नाही.

पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला. "बावीस वर्षांत इतकं शांत दफन पाहिलं नाही मी."

मी धन्यवाद म्हणाले. घरी येऊन हात धुतले आणि बराच वेळ धूतच राहिले.

२० जुलै, रविवार

उजवीकडचे बाक रिकामे. गेल्या रविवारीही होते. वाटलं, शोक आहे.

उपासनेनंतर बाना मुसोंदाच्या घराकडे गेले. वळणावरूनच गाणं ऐकू आलं. अंगणात चाळीस तरी बेम्बा मंडळी बसली होती. मला पाहून गाणं थांबलं. कुणीतरी खुर्ची आणली.

तिचा दीर, थोरला, म्हणाला, "आमचा राग नाही, बाई. ते परक्यासारखे आले, परक्यासारखे बसले, परक्यासारखे गेले. आम्हाला समजलं. आता आम्ही आमची प्रार्थना इथं करू, त्यांनी त्यांची तिथं करावी. भांडण नाही."

"पण एकी व्हावी म्हणूनच तर तो ठराव होता!"

"हो. त्यात लिहिलं होतं ना, जमात नाही म्हणून? मग जमातच नाही तर सोयरीक कुठली?"

मी बाना मुसोंदाकडे पाहिलं. ती हडकली आहे. ती माझ्याशी एकच वाक्य बोलली, "बसा ना, बाई," आणि तेही मी निघताना.

घरी आले तर पाळकसाहेबांचा निरोप. सप्टेंबरात सगळ्या मंडळ्यांची सभा आहे. तिथं मी ठराव वाचायचा, पाचही मंडळ्यांत लागू करायचा आहे. 'कॉलेजची चिंता करू नकोस,' असं खाली लिहिलं होतं.

२३ जुलै, बुधवार

मी चुकले असेन का? की माणसं अजून तयार नाहीत? दुसरं मानणं सोपं जातं. काल दिवसभर तेच मानलं.

२ ऑगस्ट, शनिवार

जेरेंच्या घरी गेले. ते दारात बसून केरसुणी बांधत होते. मी विचारलं तसं सांगू लागले, माझ्याकडे न बघता.

"माझी बायको गेली तेव्हा तीन दिवस मी जेवलो नव्हतो. चौथ्या दिवशी मुसोंदाचा बाप आला. तिचं नेसायचं चितेंगे कमरेला गुंडाळलं, माझ्या खाटेवर पसरला आणि तिच्या आवाजात मला शिव्या द्यायला लागला. 'उंदीर भाजायचे कुणी? मी मेले म्हणून काय झालं, घर असं ठेवतात?' मी काठी घेऊन त्याच्या मागे धावलो. धावता धावता हसलो. मग रडलो. मग जेवलो." त्यांनी गाठ आवळली. "आणि मी त्याच्या मयतीत काय केलं? कोट घालून बसलो."

"मला आधी का नाही सांगितलंत हे?"

"घटकाभर मागितली होती की."

मी मग म्हणाले, "माझं न ऐकता करायचं होतंत, आजोबा. मी काय, नातीच्या वयाची."

"तुमचं नसतंच ऐकलं," ते म्हणाले. "पण तुम्ही प्रभूचं नाव घेतलंत. त्याच्या नावापुढं म्हाताऱ्यानं काय बोलायचं?"

सोळा तारखेला बाना मुसोंदाकडे शोक सोडायचा दिवस आहे. मी म्हणाले, चला माझ्याबरोबर. त्यांनी मान हलवली. "मयतीत जो सोयरा गप्प बसला, त्यानं नंतर कुठल्या तोंडानं जायचं? ज्यानं दार लावलं त्यानं आधी उघडायला हवं, बाई."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पाळकसाहेबांना पत्र टाकलं. ठराव चुकीचा होता, मी तो मागे घेते आहे, सप्टेंबरच्या सभेत वाचणार नाही. दफन शांत नव्हतं, मुकं होतं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन पत्रांत स्वतःला वाचवायला एक-एक वाक्य होतं. टपालपेटीत टाकल्यावर ते परत काढता येईल का, हेही मी पाहिलं.

आता कॉलेजचं विसरायला हवं. प्रार्थना केली, पण शब्द जमले नाहीत. मी लोकांना शिष्य व्हा, शिष्य व्हा म्हणत होते. शिष्य मागून चालतो. मी आल्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढे चालते आहे, आणि मागं वळून पाहिलंही नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

बाना मुसोंदाच्या अंगणात गर्दी होती, सगळी बेम्बा. घर झाडून झालं होतं, शेकोटीची राख बाहेर टाकली होती. जेरे माझ्या मागोमाग आले, पण फाटकाबाहेरच थांबले. त्यांच्या मागं दहा-बारा जण.

मी उभी राहिले. तयारी करून गेले होते, ती सगळी विसरले. म्हणाले, "तुमची सोयरीक काय असते हे मला कळलं नव्हतं. न कळता मी ती बंद केली, आणि प्रभूचं नाव घेऊन केली. जेरे आजोबांनी परवानगी मागितली होती, मी दिली नाही. त्यांची चूक नाही. माझी आहे. ठराव संपला. पाळकसाहेबांना तसं कळवलं आहे."

मी बसावं की निघावं हे मला समजेना.

बाना मुसोंदा उठली. हळूहळू फाटकापर्यंत गेली. जेरेंनी टोपी काढली, खाली बघत राहिले. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, आणि आवाज फाटला होता तिचा, "चाळीस दिवस? बिळातून बाहेर यायला चाळीस दिवस लागले तुला, उंदीरखाऊ?"

म्हाताऱ्यानं आपली टोपी खिशात कोंबली. मग त्यानं तिला बाजूला सारलं, सरळ घरात शिरला आणि खुंटीवरची तिच्या नवऱ्याची टोपी घालून बाहेर आला. त्याच्यासारखा एक खांदा पाडून, खोकत, अंगणभर फिरू लागला. "मुसोंदाच्या आई! वरती काही खरं नाही गं! सगळी झाडं माकडांनी भरलीत आणि एकालाही खाऊ देत नाहीत! माझा दुसरा बूट कुठंय? एका बुटावर पाठवलंस मला, देवदूत हसतात!"

"तुझ्या दोन्ही तंगड्या मोडते, म्हणजे बूटच लागणार नाहीत!" तिनं केरसुणी उचलली. तो पळाला, ती मागं. शेणानं सारवलेल्या ओट्याला वळसा घालताना ती त्याच्या अंगावर कोसळली आणि तिथंच, त्याच्या कोटाला धरून, रडू लागली. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. भोवती सगळे हसत होते, डोळे पुसत होते. फाटकातले न्गोनी आत घुसले आणि एकानं ओरडून विचारलं, या माकडांच्या घरात जेवायला काही आहे का. सगळे एकदम बोलायला लागले.

ती जेवली. मी दारापासून पाहिलं. दोनदा मागून घेतलं.

ते फार भरभर बोलत होते. निम्मं मला कळलं नाही. जरा वेळानं मी निघाले. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ते बरंच झालं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पाळकसाहेबांचं उत्तर आलं. मोजकं आहे. 'तुझ्या निर्णयात घाई दिसते. यंदा शिफारस करता येणार नाही. सेवेत वर्ष पूर्ण कर, मग पाहू.'

संध्याकाळी बाबांचा फोन. मागं नदीचा आवाज येत होता. "कॉलेजचं काय झालं गं? मी होडीत सगळ्यांना सांगून बसलोय."

"पुढच्या वर्षी बघू, बाबा."

"का? काही चुकलं का तुझं?"

"हो."

ते मग म्हणाले, "जेवतेस ना वेळेवर?" मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर आठवलं की आज शेगडी पेटवलीच नव्हती.

३१ ऑगस्ट, रविवार

उपासना नऊला. मी साडेआठलाच जाऊन खिडक्या उघडल्या, बाक पुसले, गीत निवडून पान उघडून ठेवलं. नऊ वाजले तरी आत फक्त मी.

सगळे फाटकात होते. काय चाललं होतं ते खिडकीतून ऐकू येत होतं: कुणाच्या आजोबांनी युद्धात आधी पळ काढला, आणि उंदीर कातड्यासकट खातात की सोलून. बाना मुसोंदाचा आवाज सगळ्यांच्या वर. मध्येच कापिजिम्पांगाबाई हसल्या. त्या फाटकाला टेकून नुसत्या ऐकत उभ्या होत्या. मी बाहेर जाऊन बोलावू शकले असते. सव्वानऊ झाले. मी पुढं, एकटी, सगळ्या रिकाम्या बाकांकडे बघत उभी राहिले. मनात आलं, नदीच्या दोन्ही काठांवर मिळून मला अशा शिव्या देणारं एक तरी माणूस असतं तर. मग ते मनातून काढलं नाही. राहू दिलं.

साडेनऊच्या सुमारास ते आपापले आत आले, अजून बोलतच, आणि जिथं जागा दिसली तिथं बसले. मी तोंड उघडायच्या आत बाना मुसोंदानं बसल्या जागेवरून गीत सुरू केलं. मी काढून ठेवलेलं नव्हतं ते, दुसरंच होतं. सगळ्यांनी धरलं. मी पुस्तक उचललं, पानं उलटत गेले, दुसऱ्या कडव्यापर्यंत ते सापडलं, आणि तिथून मीही गाऊ लागले.